जीवामृत, जिवाणू खतं आणि मातीतले जीव: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमची शेती कराडच्या बाजूला. काळी जमीन, ऊस, सोयाबीन, हरभरा आणि थोडं आलं. बारा वर्षं झाली घरचं जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचं पीठ आणि माती पाण्यात आंबवून केलेलं द्रावण) वापरतोय, आणि बारा वर्षं लोक तेच प्रश्न विचारतायत, बहुतेक वेळा ड्रमशेजारी नाकाला रुमाल लावून. ते सगळे इथे एका जागी लिहिले आहेत. जिथे माझं नुसतं मत आहे, तिथे तसं सांगितलंय.

जीवामृत हे खत आहे की औषध?

दोन्ही नाही. ते विरजण आहे.

हिशेब करून बघा. १० किलो ताज्या शेणात नत्र (नायट्रोजन) साधारण ३०-४० ग्रॅम. ५ ते १० लिटर गोमूत्रात ५० ते १०० ग्रॅम. दोन किलो बेसनात ७० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे २०० लिटरच्या अख्ख्या ड्रममध्ये पाव किलोच्या आतबाहेर नत्र. सुरू उसाची शिफारस एकरी १०० किलोची आहे. मग पाव किलोवर ऊस कसा पोसेल? "नुसत्या जीवामृतावर ऊस काढला" असं सांगणाऱ्याच्या रानात जाऊन बघा. पायाखाली पाचट (उसाची वाळलेली पानं) असतं, आधीच्या वर्षांचं शेणखत असतं, मधल्या सरीत द्विदल असतं. जीवामृतानं ते कुजवायला हातभार लावलेला असतो. विरजण कितीही झकास असलं तरी पातेल्यात दूध लागतंच. मातीच्या बाबतीत दूध म्हणजे काडीकचरा, मुळं, शेणखत, पाला. एवढं लक्षात राहिलं तर पुढचे निम्मे प्रश्न पडत नाहीत.

एका एकराला प्रमाण किती?

विदर्भातले सुभाष पाळेकर यांनी जे प्रमाण गावोगाव पोचवलं तेच सगळीकडे चालतं: २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, एक-दोन किलो काळा गूळ, एक-दोन किलो कुठल्याही डाळीचं पीठ आणि बांधावरची किंवा वडाखालची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, वर गोणपाट, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. ४८ तासांनी वापरायला तयार. नळाचं क्लोरीनवालं पाणी असेल तर आदल्या दिवशी ड्रममध्ये भरून उघडं ठेवा. आणि तोळ्यामाशाचा घोळ घालू नका, हे सोनाराचं दुकान नाही.

गूळ, बेसन आणि माती कशासाठी?

गूळ म्हणजे जिवाणूंना झटपट मिळणारी ऊर्जा. डाळीचं पीठ म्हणजे प्रथिनं, त्यावर त्यांचं अंग वाढतं. शेणातून जिवाणूही येतात आणि त्यांचं खाद्यही. पण शेणातले बरेचसे जिवाणू गुरांच्या पोटातले असतात, त्यांना हवा नको असते. रानात टाकल्यावर त्यांतले पुष्कळ टिकत नाहीत. म्हणून ती मूठभर माती महत्त्वाची. तुमच्याच शिवारातले, तुमच्याच उन्हापावसाला सरावलेले जीव तिच्यातून ड्रममध्ये येतात. ती माती तणनाशक मारलेल्या रानातली घेऊ नका. आम्ही ओढ्याकाठच्या करंजाखालची घेतो, पाला बाजूला सारून, वरची दोन बोटं.

गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून त्यात रसायनं घालतात. त्यापेक्षा काळाकुट्ट, पाघळलेला, कुणी घेत नाही तो गूळ इथे उत्तम, आणि स्वस्तही. साखर कारखान्याजवळ राहणारे मळी (मोलॅसिस, काळा चिकट पाक) वापरतात, तीही चालते.

देशी गाईचंच शेण पाहिजे का?

यावर भांडणं होतात, तेव्हा आधीच सांगतो, हे माझं मत. देशी गाय घरात असेल तर प्रश्नच मिटला. पण जर्सीच्या किंवा म्हशीच्या शेणानं काम बिघडतं, असं मला माझ्या रानात दिसलेलं नाही. आमच्याकडे एक खिलार गाय आणि दोन म्हशी आहेत, तिघींचं शेण एकत्रच पडतं.

मी जात बघत नाही, औषधपाणी बघतो. जनावराला प्रतिजैविकाचं इंजेक्शन झालं असेल किंवा नुकतंच जंताचं औषध पाजलं असेल, तर ते शेण ड्रमसाठी घेऊ नका. आयव्हरमेक्टिनसारखं जंतनाशक शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांना मारतं. अशा शेणाच्या पोवट्या रानात नुसत्या वाळत पडतात, किडे त्यांना शिवत नाहीत. गोठ्यात हे एकदा बघितलं की कळतं.

घड्याळाच्या काट्याच्या दिशेनंच ढवळायचं का?

कुठल्याही दिशेनं ढवळा. आत हवा गेली पाहिजे. हात दुखला की दिशा बदला.

जीवामृत बिघडलं हे कसं ओळखायचं?

नाकानं. चांगल्या जीवामृताला आंबूस, किंचित गुळचट, ताडीच्या जवळ जाणारा वास येतो. वर फेस, बुडबुडे, कधी पांढुरकी साय. कुजक्या अंड्यासारखा वास सुटला तर आत हवा पोचलेली नाही. दोन-तीन वेळा जोरात ढवळून एक दिवस वाट बघा. वास गेला नाही तर ड्रम उकिरड्यावर रिकामा करा, पिकाला देऊ नका. अळ्या पडल्या म्हणजे गोणपाट उघडं राहिलं, माश्या बसल्या. त्यानं फार बिघडत नाही, फक्त गाळताना शिसारी येते.

झाकण मात्र घट्ट लावू नका. पहिल्या वर्षी मी माश्यांच्या भीतीनं निळ्या पिंपाला लोखंडी कडी आवळून टाकली होती. मे महिना. दुसऱ्या दिवशी दुपारी गोठ्यात धडाम आवाज झाला. झाकण पत्र्याला जाऊन लागलं होतं, खिलारीनं दावं तोडलं होतं आणि आईच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर शेणपाण्याचा सडा. त्या उन्हाळ्यात कुरडया पुन्हा घालाव्या लागल्या. गुळावर जिवाणू आणि यीस्ट वाढताना वायू सुटतो, त्याला वाट ठेवावी लागते, एवढं शास्त्र मला त्या दिवशी कायमचं समजलं.

किती दिवस टिकतं?

तयार झाल्यावर आठवड्याच्या आत संपवा. गूळ-पीठ संपलं की उपासमार सुरू होते आणि संख्या घसरते. जास्त दिवस ठेवायचं असेल तर घनजीवामृत करा: १०० किलो शेण, एक किलो गूळ, एक-दोन किलो बेसन, मूठभर माती आणि कालवण्यापुरतं गोमूत्र. सावलीत पसरून वाळवायचं, ढेकळं फोडून पोत्यात भरायचं. बरेच जीव त्यात सुप्तावस्थेत राहतात आणि ओल मिळाली की जागे होतात. पेरणीच्या वेळी शेणखताबरोबर द्यायला हेच सोयीचं.

कधी द्यावं? उन्हाळ्यात रिकाम्या रानात मारलं तर फायदा होईल का?

नाही होणार. एप्रिल-मेमध्ये उघड्या काळ्या रानाचा वरचा थर दुपारी पन्नास अंशांच्या पुढे जातो. अनवाणी चालून बघा. तिथे ओतलेलं जीवामृत म्हणजे तव्यावर शिंपडलेलं पाणी. जीव एकतर मरतात, नाहीतर कवचात जाऊन झोपतात.

द्यायचं ते वाफशावर. वाफसा म्हणजे काय हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको: मातीच्या कणांमध्ये पाणीही आहे आणि हवाही, मूठ दाबली तर लाडू वळतो आणि बोटानं ढकलला तर फुटतो. मुळाला आणि जिवाणूंना एकच हवामान मानवतं, ते हेच. सायंकाळी, पाटपाण्याबरोबर किंवा आळवणी करून (मुळाशी ओतून), एकरी २०० लिटर, महिन्यातून एकदा-दोनदा. वरून आच्छादन असेल तर दुप्पट गुण.

पहिल्या वळवाचा जो वास येतो ना, तो बराचसा जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. ते स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू तयार करतात. ज्या रानात हा वास उठतो तिथे वस्ती आहे. आमच्या चुलत्यांच्या खडीच्या तुकड्यात तो फारसा येत नाही, आणि तिथे पीकही यथातथाच.

एका चमचाभर मातीत कोट्यवधी जिवाणू आधीच असतात म्हणे. मग बाहेरून कशाला घालायचे?

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि फार थोडे लोक तो विचारतात. एका एकराच्या वरच्या सहा इंचांत साधारण ९ लाख किलो माती असते. ग्रॅमला दहा कोटी जिवाणू धरले आणि जीवामृताच्याही प्रत्येक मिलिलिटरमध्ये दहा कोटी धरले, तरी मातीतली वस्ती ड्रमातल्या वस्तीच्या साडेचार हजारपट भरते. तेव्हा २०० लिटरनं संख्या वाढते असं म्हणण्यात दम नाही.

तरी फरक पडतो, तो दोन कारणांनी. एक, मातीतले बहुतेक जीव कायम अर्धपोटी असतात. थोडा गूळ, थोडं प्रथिन मिळालं की तेच हातपाय हलवू लागतात. दोन, काही कामाचे जिवाणू त्या रानात नसतातच, किंवा मुळापासून लांब असतात. ते बियाण्याला चोळून थेट मुळाच्या दारात नेऊन सोडले तर उपयोग होतो. पहिलं काम जीवामृत करतं, दुसरं पाकिटातलं जिवाणू खत.

म्हणजे पाकिटातलं जिवाणू खत वेगळं कसं?

जीवामृत म्हणजे बाजाराचा दिवस, सगळ्या जातीपातीची गर्दी. पाकिटात एकाच कामाचा कारागीर असतो. रायझोबियम द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पकडतो. हा जिवाणू डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी १८८८ मध्ये गाठींतून वेगळा काढला. अ‍ॅझोटोबॅक्टर ज्वारी, गहू, कपाशी, भाज्या अशा पिकांसाठी. तो गाठी करत नाही, मुळाजवळ मोकळाच राहतो. पीएसबी हा जिवाणू स्फुरद (फॉस्फरस) विरघळवतो. मायकोरायझा ही बुरशी, ती मुळाला जोडून आपले धागे लांबवर नेते आणि स्फुरद-जस्त आणून देते. कोबी, फ्लॉवर, मोहरी या कुळातली पिकं मात्र मायकोरायझाशी सोयरीकच करत नाहीत, तेव्हा कोबीला मायकोरायझा विकणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम कसं लावायचं?

भुकटीचं २५० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाण्याला. लिटरभर पाण्यात सव्वाशे ग्रॅम गूळ उकळून *थंड करून* घ्या. गरम पाकात कालवून जिवाणू शिजवणारे मी पाहिले आहेत. त्यातलं बेताचं, बियाणं ओलसर होईल एवढंच घ्या, पाकीट मिसळा, ताडपत्रीवर बियाणं पसरून हलक्या हातानं फिरवा. सोयाबीनचं टरफल फार नाजूक, चोळलंत तर सुटतं आणि उगवण मार खाते. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचंच असेल तर आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू.

हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला चालत नाही, दोघांचे जिवाणू वेगळे. सोयाबीन पूर्वी कधीच न घेतलेल्या रानात तर हे चुकवूच नका.

पस्तीस-चाळीस दिवसांनी एक झाड खुरप्यानं मातीसकट उचला. ओढून काढू नका, गाठी मातीत तुटून राहतात. मुळं पाण्यात धुवा आणि एक गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लाल, मांसासारखी दिसली तर काम चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंदच. पांढरी किंवा हिरवट निघाली तर गाठ नुसती बसून खातेय. खूप युरिया टाकलेल्या रानात गाठीच कमी सापडतात. झाडाला आयतं मिळालं की ते जिवाणूंना कशाला पोसेल?

आमची जमीन चुनखडीची, सामू (पीएच) ८ च्या वर. पीएसबी चालेल का?

चालेल, पण डोंगर हलवणार नाही. अशा जमिनीत स्फुरद कॅल्शियमला चिकटून बसतो. पीएसबी सेंद्रिय आम्लं सोडून मुळाजवळचा थोडा स्फुरद मोकळा करतो. चुना मात्र ते आम्ल लगेच मारून टाकतो. म्हणून नुसतं पाकीट रानात फेकण्यापेक्षा शेणखतात मिसळून सरीत द्या, म्हणजे जिवाणूंना राहायला घर आणि खायला कर्ब (कार्बन) मिळतो. जाहिरातीत "स्फुरद खत पूर्ण बंद" असं लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. माती तपासा, मग ठरवा.

उसासाठी कुठले जिवाणू?

अ‍ॅसिटोबॅक्टर. हा ब्राझीलमध्ये १९८८ मध्ये उसात सापडला आणि त्याची गंमत अशी की तो मातीपेक्षा उसाच्या कांडीत, मुळाच्या आत राहतो. गोड रसाची त्याला बाधा होत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार हेक्टरी १० किलो अ‍ॅसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो पीएसबी १०० लिटर पाण्यात कालवून त्यात टिपरी (लागणीचे उसाचे तुकडे) अर्धा तास बुडवायची. नत्राचा डोस निम्म्यावर आणता येतो असं विद्यापीठ सांगतं. मी एकदम निम्मा केला नाही. पहिल्या वर्षी पाव भाग कमी केला, दुसऱ्या वर्षी आणखी थोडा. जे रान वीस वर्षं युरियावर वाढलंय त्याचं दूध एका दिवसात तोडू नये.

पाचट किंवा भुसकट रानात ठेवलं की पीक पिवळं पडतं. जिवाणू वाढले तर उलट हिरवं व्हायला नको?

पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र जवळपास नाहीच. दोघांचं गुणोत्तर शंभरास एकच्या आसपास. गव्हाच्या काडात ऐंशीला एक. जिवाणूंना साधारण पंचवीसला एक असं जेवण लागतं. एवढा कर्ब समोर आल्यावर ते वाढू लागतात आणि कमी पडणारा नत्र मातीतून उचलतात. पिकाच्या ताटातला घासच तो. म्हणून पीक काही आठवडे पिवळं. तो नत्र कुठे जात नाही, जिवाणूंच्या अंगात असतो आणि ते मेल्यावर परत मिळतो, पण तोवर पिकानं काय खायचं?

उपाय दोन. पाचट मातीत गाडू नका, सरीत वरच पसरा. मग ही ओढाताण फक्त वरच्या थरात होते. आणि सुरुवातीला वरून थोडा नत्र द्या. शिफारस टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक अशी आहे. युरिया वापरायचाच नसेल तर शेण-गोमूत्राची दाट स्लरी भरपूर. एकरी तीन-चार टन पाचट पडतं. ते पेटवून देणाऱ्यानं माझ्याकडे जीवामृताचं प्रमाण विचारायला येऊ नये, असं मी तोंडावर सांगतो. दूध गटारात ओतायचं आणि विरजण मागायला शेजारी जायचं, त्यातला प्रकार.

ट्रायकोडर्मा वापरूनही हरभऱ्यात मर (रोप सुकून मरण्याचा रोग) आली. असं का?

ट्रायकोडर्मा ही बुरशी. ती मर लावणाऱ्या फ्युजेरियमसारख्या बुरशीच्या धाग्यांना विळखा घालते, त्यांचं अन्न पळवते. पण ती आधी मुळाभोवती जम बसवून असली पाहिजे. रोप माना टाकायला लागल्यावर आळवणी करणं म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणं. बियाण्याला किलोला ५ ग्रॅम लावा. आणि पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात एक किलो ट्रायकोडर्मा मिसळून, पाणी शिंपडून, गोणपाटाखाली सावलीत ठेवा. मध्ये एकदा खालीवर करा. खत हिरवट-पांढऱ्या बुरशीनं मढलं की रानात नेऊन टाका. पाच ग्रॅमची पाच मणं करण्याची ही युक्ती आहे.

आल्याच्या कंदकुजीत मात्र पाण्याचा निचरा नसेल तर कुठलाच जीव मदतीला येत नाही. हा धडा मी अर्ध्या एकराला शिकलो. मराठवाड्यात हळद-आलं करणारे परभणीच्या विद्यापीठाचं बायोमिक्स वापरतात, त्यात उपयुक्त बुरशी-जिवाणू एकत्र असतात. तेही गादीवाफा उंच असेल तरच.

रासायनिक खतांबरोबर किंवा बुरशीनाशकाबरोबर चालतं का?

बुरशीनाशकाबरोबर नाही. कॉपर ऑक्सिक्लोराईड, बोर्डो, मँकोझेब, कार्बेन्डाझिम यांपैकी काहीही मारलं असेल तर आठ-दहा दिवस थांबा. एकाच पंपात, एकाच ड्रममध्ये तर कधीच नको. पंपही धुवून घ्या.

युरियानं सगळे जिवाणू मरतात हे खरं आहे का?

अर्धसत्य. दाण्याच्या अगदी जवळ अमोनियामुळे काही काळ मरतात, बाकीचे तो नत्र वापरतात. नुकसान होतं ते वर्षानुवर्षं फक्त युरिया आणि कर्ब शून्य, या सवयीनं. आपल्याकडे असंख्य माती अहवालांत सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असतो, म्हणजे "कमी" रकान्यात. तो वर न आणता युरिया बंद केला म्हणून जिवाणू आपोआप परत येत नाहीत. काय खाऊन येतील?

ड्रिपमधून सोडलं की ड्रिपर बंद पडतात.

पडणारच. आधी जाड पंचानं, मग बारीक नायलॉनच्या कापडानं गाळा. रात्रभर निवळू द्या आणि वरचं पाणी घ्या. गाळ उसाच्या सरीत टाका. व्हेंचुरीतून (ड्रिपच्या पाण्यात द्रावण ओढून घेणाऱ्या नळीतून) सोडल्यावर अर्धा तास साधं पाणी चालवा, नाहीतर नळीत जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. इतकं करूनही जमत नसेल तर ड्रिपचा हट्ट सोडा, डबा घ्या आणि बुडात ओता.

वेस्ट डिकंपोझर आणि जीवामृत यात चांगलं कुठलं?

वेस्ट डिकंपोझर गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्रानं २०१५ मध्ये काढलं. सुरुवातीला वीस रुपयांना मिळायची ती छोटी बाटली, २०० लिटर पाणी, दोन किलो गूळ, पाच-सहा दिवस. काडीकचरा कुजवायला सोयीचं, आणि जनावर नसलेल्या घरात तर फारच. त्यातलं वीस लिटर शिल्लक ठेवून पुन्हा नवा ड्रम लावतात. माझं मत असं की हे दहा-बारा वेळा केल्यावर आत मूळचे जीव किती आणि गावचे पाहुणे किती, हे सांगणं अवघड. वर्षाला नवीन बाटली घ्या.

भाजीवर जीवामृत फवारलं तर चालेल?

कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर, सॅलडची पानं: नको. ताज्या शेणात माणसाला आजारी पाडणारे ई. कोलायसारखे जिवाणू असू शकतात, आणि कच्चं खाल्लं जाणारं पीक ते थेट ताटात आणतं. अमेरिकेच्या सेंद्रिय प्रमाणीकरणात कच्चं शेणखत टाकल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवसांचं अंतर लागतं, खाण्याचा भाग मातीला लागत नसेल तर ९०. निर्यातीचा विचार असलेल्यांनी हे आधीच पाहावं. पालेभाजीला पेरणीआधी जमिनीत चांगलं कुजलेलं कंपोस्ट द्या आणि तिथेच थांबा. कंपोस्टचा ढीग नीट तापला पाहिजे. लोखंडी सळई आत खुपसून दहा मिनिटांनी काढा, हातात धरवली नाही तर बरोबर चाललंय.

आणि हात. जखम असेल तर ड्रममध्ये हात घालू नका. शेणात धनुर्वाताचे बीजाणू असतात. इंजेक्शन घेतलेलं असू द्या, "नैसर्गिक" या शब्दाला धनुर्वात घाबरत नाही.

पाकीट विकत घेताना काय बघायचं?

तारीख, आणि ते दुकानात कुठे ठेवलं होतं. रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर, पीएसबी यांच्या भुकटीत ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूपात मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत पेशी असल्याच पाहिजेत, हा सरकारी निकष. ट्रायकोडर्मा कीटकनाशक कायद्याखाली येतो, त्यावर नोंदणी क्रमांक हवा. पण पत्र्याच्या दुकानात, काचेच्या कपाटात, उन्हात वाळलेल्या पाकिटावर छापलेले ५ कोटी हे फक्त छापलेलेच असतात. एका दुकानातून मी मुदत संपायला आठ दिवस राहिलेली चार पाकिटं आणली होती. घरी येऊन तारीख वाचली. चूक माझीच. तेव्हापासून कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रातून आणतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात जिवाणू खतं बनतात, जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातही बहुधा मिळतात.

घरी जनावरच नाही. मग?

शेजाऱ्याकडून शेण घ्या, नाहीतर तेही सोडा. नेरळजवळच्या सगुणा बागेतून पसरलेल्या एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धतीत नांगरट नाही, चिखलणी नाही. गादीवाफ्यावर पीक घ्यायचं आणि कापणीनंतर मुळं जागच्या जागी कुजू द्यायची. मुळंच जिवाणूंचं जेवण आणि मुळांच्या पोकळ वाटा म्हणजे गांडुळांचे रस्ते. गांडुळं विकत आणण्याबद्दलही इथेच सांगतो: गांडूळखताच्या बेडमधली आयसेनिया ही वरवर कचरा खाणारी, ती रानात सोडून नांगरटीचं काम करणार नाही. आपली रानातली गांडुळं ओल आणि सावली मिळाली की स्वतःच वर येतात.

माती सुधारली हे कसं कळणार? प्रयोगशाळेत जिवाणू मोजून मिळतात का?

मोजून मिळतात, पण त्या आकड्यानं तुम्हाला फार काही उमगेल असं नाही. सेंद्रिय कर्ब मात्र दर दोन-तीन वर्षांनी तपासा. तो पाव टक्का वाढायलाही वर्षं लागतात.

घरच्या घरी दोन गोष्टी करता येतात. वाळलेलं सुपारीएवढं ढेकूळ काचेच्या पेल्यातल्या पाण्यात अलगद सोडा, बांधावरचं एक आणि मधल्या रानातलं एक. मेलेल्या मातीचं ढेकूळ मिनिटभरात विरघळून पाणी गढूळ होतं. जिवंत मातीचं बराच वेळ धरून राहतं, कारण जिवाणूंचा चिकट स्राव आणि बुरशीचे धागे कणांना बांधून ठेवतात.

दुसरं, जुन्या सुती धोतराचे दोन सारखे तुकडे पावसाळ्यात दोन वेगळ्या रानांत वीतभर खोल पुरा, खुणेला काठी रोवा आणि दोन महिन्यांनी काढा. टेरिकॉट घेऊ नका, ते जिवाणूंच्या सात पिढ्यांना संपणार नाही. आम्ही गेल्या सप्टेंबरात उकरलं तेव्हा चुलत्यांच्या रानातलं धोतर धुवून पुन्हा नेसता आलं असतं. पाचटाखालच्या रानातलं हातात आलं ते फक्त काठाची जरीची दोरी.